तिसरा पक्ष : मोटारविम्याची मराठवाड्यातली वाट

गेल्या वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, मला मोटार चालवण्याचा परवाना मिळाला. अर्धापूरहून नांदेड वीसेक किलोमीटर. तेवढ्या अंतरासाठी आयुष्यभर एसटी, काळीपिवळी आणि दुसऱ्याच्या मोटारसायकलची मागची सीट पुरली. पण गुडघे कुरकुरू लागले, शिवाय मामीला दर महिन्याला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे. म्हणून एक जुनी आल्टो घेतली आणि तिच्या विम्यासाठी ओळखीच्या प्रतिनिधीकडे गेलो. झेरॉक्सच्या दुकानातच त्याचे टेबल आहे. मी त्याला आधीच सांगून टाकले, की मी अगदी नवशिका आहे, नांदेडच्या आरटीओत महिन्यापूर्वी गाडी मागे घेताना घाम फुटला होता, तेव्हा वाढीव हप्ता लागणार असेल तर आत्ताच सांगा.

तो हसला. म्हणाला, ‘‘सर, इमा गाडीचा असतो. तुम्ही कालचे ड्रायव्हर का तीस वर्षांचे, त्यांना काय घेणं?’’

त्याच आठवड्यात इंग्लंडात नोकरी करणाऱ्या भाच्याचा फोन आला. त्यानेही नुकताच तिकडचा परवाना काढलेला. ‘‘मामा, माझी गाडी जुनी, स्वस्तातली. पहिल्या वर्षाचा विमा तिच्या किमतीपेक्षा जास्त आलाय. नवा ड्रायव्हर म्हणून!’’

मी पदवीने इतिहासकार नाही. केळीच्या आडतीवर हिशेब लिहिता लिहिता गॅझेटियर, जुने कायदे आणि न्यायनिवाडे वाचायचा नाद लागला, इतकेच. पण मामा-भाचे एकाच वेळी नवशिके असताना एकाला दंड आणि दुसऱ्याला माफी, हे कसे, हा प्रश्न काही सुटेना. आणि हा प्रश्न उकलताना मी जिथे पोहोचलो, तिथे आमच्याच घरातले एक जुने कागदपत्रांचे बोचके निघेल, असे मात्र वाटले नव्हते.

*

आमच्या भागात नुसते ‘विमा’ म्हटले की माणसाच्या मनात पीकविमा येतो. एक रुपयात पीकविमा ही योजना २०२३ साली आली आणि २०२५ साली गेली, तिच्यावर पारावर जितकी चर्चा झाली तितकी कुठल्याच विम्यावर झाली नसेल. शब्द मात्र जुना, फारसीतून आलेला. मराठी मुलखात विमा पहिल्यांदा उतरला तो मालाचा. हुंडेकरी नावाचा ठेकेदार व्यापाऱ्याचा माल एका पेठेतून दुसऱ्या पेठेत पोहोचवण्याची आणि वाटेतल्या जकाती भरण्याची हमी ठरलेल्या रकमेत घेई. समुद्रावरच्या मालासाठी जोखमी हुंडी असे : माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे द्यायचे, बुडाला तर नाही. म्हणजे हुंडीच्या पोटातच विमा.

या साऱ्या व्यवहारात दोनच माणसे. एक ज्याचा माल आहे तो, दुसरा जोखीम घेणारा. पुढे इंग्रजांबरोबर आगीचा, आयुष्याचा विमा आला, तरी माणसे दोनच. बैलगाडीखाली सापडलेला वाटसरू या करारात कुठेच नव्हता. त्याचे नाव कागदावर यायला मोटार यावी लागली. इंग्रजी कायद्याने त्याला ‘थर्ड पार्टी’ म्हटले, आपण ‘तृतीय पक्ष’ म्हणू लागलो. मला ‘तिसरा’ हा शब्द अधिक बरा वाटतो. तिसरा म्हणजे ज्याने करार केला नाही, हप्ता भरला नाही, ज्याला कुणी विचारलेही नाही, आणि तरी ज्याच्यासाठी सगळा खटाटोप आहे तो.

ब्रिटनमध्ये १९३० च्या रस्ता वाहतूक कायद्याने हा तिसरा आत आला. १ जानेवारी १९३१ पासून तिथे तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा झाला. त्याआधी कोर्टात जिंकूनही हाती काही न लागण्याचे प्रकार सर्रास होत, कारण गाडीवाला कफल्लक निघे. १९३४ च्या कायद्याने आणखी एक पाऊल टाकले : कंपनीने आधी जखमीचा हुकूमनामा फेडावा. गंमत म्हणजे वाहन चालवण्याची परीक्षा तिथे त्यानंतर, १९३५ साली सक्तीची झाली. विमा आधी, परीक्षा मागून.

हिंदुस्थानात उलटे घडले. १९१४ च्या मोटार वाहन कायद्याने परवाना आणि नोंदणी आणली. विम्याचे नावही त्यात नव्हते. १९३६-३७ साली मोटार विम्याचा विचार करायला समिती बसली, आणि १९३९ च्या नव्या कायद्यात आठवे प्रकरण खास तृतीय पक्षाच्या विम्यासाठी घातले गेले. कायदा १ जुलै १९३९ ला लागू झाला, पण आठवे प्रकरण मागे ठेवले. विमा कंपन्यांना आणि गाडीमालकांना तयारीला वेळ हवा, हे कारण. मग महायुद्ध. अखेर ते प्रकरण अमलात आले १ जुलै १९४६ रोजी. सात वर्षे तिसरा माणूस कायद्याच्या पुस्तकात छापलेला होता, रस्त्यावर नव्हता.

*

आता हा १९४६ चा जुलै आमच्या बाजूने पाहा.

अर्धापूरहून नागपूरच्या दिशेने निघाले की वारंगा फाटा, मग हदगाव, आणि त्यापुढे पैनगंगा. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड. आज तो पूल ओलांडताना नांदेड जिल्हा संपून यवतमाळ लागतो, एवढाच फरक. १९४६ साली तो राज्यांचा फरक होता. पलीकडे वऱ्हाड : नावाला निजामाचे, पण कारभाराने मध्य प्रांताला जोडलेले आणि इंग्रजी कायद्याखालचे. अलीकडे खुद्द निजामाचे राज्य. १९३९ चा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता, हैदराबाद संस्थानात तो आपोआप चालत नव्हता. उमरखेडच्या बाजाराला कापूस घेऊन जाणाऱ्या लॉरीला पलीकडच्या काठावर विम्याचे प्रमाणपत्र लागणार आणि अलीकडे परतली की तो कायदा मागे राहणार. तिच्याखाली माणूस कुठल्या काठावर सापडतो, त्यावर त्याच्या बायकापोरांचे नशीब.

निजामाचे राज्य वाहतुकीच्या बाबतीत मागासलेले होते, असे मात्र म्हणता येणार नाही. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेने स्वतःचा रस्ते वाहतूक विभाग काढला, सत्तावीस बस आणि एकशे सहासष्ट नोकर घेऊन. सरकारी प्रवासी बससेवेचा देशातला हा अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. मुंबई राज्याची पहिली एसटी पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला, म्हणजे सोळा वर्षांनी. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना ‘निजामाची बस’ आठवे, ती हीच.

पोलीस कारवाईनंतर, १७ सप्टेंबर १९४८ ला, संस्थान भारतात आले. घटना लागू झाल्यावर देशाचे कायदे टप्प्याटप्प्याने इकडे उतरले, त्यात मोटार वाहन कायदाही. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली, दिवाणी कोर्टाच्या फेऱ्यांतून आणि जबर कोर्ट फीमधून सुटका व्हावी म्हणून.

*

आता ते बोचके.

डिसेंबर १९८३. माझा थोरला मामा नांदेडहून सायकलवर परतत होता. आसना नदीच्या पुलाच्या अलीकडे एका जीपने त्याला उडवले. मी तेव्हा बारा वर्षांचा. आठवते ते इतकेच, की सायकलचे पुढचे चाक कुणीतरी वेगळे आणून ओसरीत ठेवले होते आणि ते काढायचे कुणाला सुचत नव्हते.

जीपला विमा होता. मालकाने पगारी चालक ठेवलेला, त्याच्याकडे परवानाही होता. पण तो ढाब्यावर जेवायला बसला आणि गाडी थोडी पुढे लाव म्हणून चावी क्लीनर पोराकडे दिली. पोराने ती पुढे लावलीच नाही, थेट रस्त्याला घेतली. त्याच्याकडे परवाना नव्हता.

मामीने नांदेडच्या न्यायाधिकरणात दावा लावला. १९८२ च्या ऑक्टोबरपासून कायद्यात एक नवे कलम आले होते : चूक कुणाची हे ठरण्याआधीच मृताच्या वारसांना पंधरा हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार रुपये. ते पंधरा हजार मिळाले. त्यातले बरेचसे मामाच्या दवाखान्याच्या उधारीत गेले. दोन दिवस तो जिवंत होता. मग तारखा. निकाल लागला १९८६ च्या दिवाळीआधी. नुकसानभरपाई अठ्ठेचाळीस हजार धरली, पण गाडी परवाना नसलेल्याने चालवली, म्हणजे पॉलिसीची अट मोडली, म्हणून विमा कंपनी मोकळी. उरलेले तेहतीस हजार मालकाने द्यावेत. मालकाने जीप तोवर विकली होती, जमीन भावाच्या नावावर होती. मामीने दरखास्त लावली. बेलिफ दोनदा जाऊन आला. पुढे काही झाले नाही.

कागदांत मला त्या वकिलाचे पोस्टकार्डही सापडले. अपिलाची मुदत नव्वद दिवस आहे, औरंगाबादला जावे लागेल, खर्चाचा विचार करून कळवा. मामीने कळवले नव्हते. दोन लहान लेकरे, चार एकर जिराईत, तिने काय कळवायचे?

गेल्या वर्षी, माझ्या आल्टोच्या विम्याचे कोडे सोडवत असताना, मी स्कँडिया इन्शुरन्स विरुद्ध कोकिलाबेन हा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा वाचला. प्रकरण गुजरातचे. ट्रकचा परवानाधारक चालक इंजिन चालू ठेवून काही खायला आणायला उतरला, क्लीनरने ट्रक हाकला आणि एका माणसाचा जीव गेला. कंपनीचे म्हणणे, चालवणाऱ्याकडे परवाना नव्हता, आम्ही मोकळे. न्यायालयाने ते मानले नाही. अट ‘मोडली’ असे म्हणायचे तर ती मालकाने मोडायला हवी. त्याने परवानाधारक चालक नेमला, त्याच्या हाती होते ते केले. मग भंग त्याचा कसा? आणि विमा सक्तीचा केला तो कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून नव्हे, रस्त्यावरच्या माणसाच्या रक्षणासाठी, हेही न्यायालयाने स्पष्ट केले. साल १९८७. आमच्या निकालाच्या पुढचेच.

मी तो निवाडा तीन वेळा वाचला. त्या रात्री पुढचे काम झाले नाही.

*

आता नवशिक्याच्या हप्त्याकडे येतो, कारण त्याचे उत्तर याच वाटेवर आहे.

१९३९ साली हिंदुस्थानात मोटार बाळगणारा आणि मोटार चालवणारा ही बहुधा दोन वेगळी माणसे होती. मालक मागे बसे, चालक पगारी. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यापुढे तो मालक होता. जबाबदारी त्याची, विमा त्याच्या गाडीचा. चालक कोण ते तो आज-उद्या बदलेल. ब्रिटनमध्ये मध्यमवर्गीय स्वतः चालवू लागला होता, तिथल्या कंपन्या आपापले दर ठरवत, म्हणून चालकाचे वय, अनुभव, अपघातांचा इतिहास हे सगळे हिशेबात आले. आपल्याकडे दर एका ठरावीक तक्त्यावर चालत. १ जानेवारी १९७३ पासून एकशे सात विमा कंपन्या चार सरकारी कंपन्यांत गोळा झाल्या, तेव्हा तर स्पर्धेचा प्रश्नच मिटला. हा माझा तर्क आहे, पण तक्ते पाहिल्यावर तो चुकीचा वाटत नाही.

२००२ चा अखिल भारतीय तक्ता पाहा. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दर ठरतो इंजिनाच्या क्षमतेवर, गाडीच्या वयावर आणि ती कुठे नोंदली आहे त्यावर. मुंबई, पुणे, हैदराबाद धरून आठ शहरे ‘अ’ विभागात, बाकी सारा देश ‘ब’ विभागात. पाच वर्षांपर्यंतच्या, हजार सीसीपर्यंतच्या गाडीला ‘अ’ मध्ये किमतीच्या ३.१२७ टक्के, ‘ब’ मध्ये ३.०३९ टक्के. म्हणजे अर्धापूरचा असण्याची सवलत शंभर रुपयांमागे आठ-नऊ पैशांची! चालक अठराचा की अठ्ठावन्नचा, याचा रकानाच नाही. २००७ च्या आरंभी हे दर मोकळे झाले, पण तृतीय पक्षाचा दर आजही सरकारच ठरवते. जून २०२२ पासूनचा दर हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये. हा मी भरला. तीस वर्षे बिनअपघाती गाडी चालवणारा माझा शेजारीही हाच भरतो.

तरीही नवशिकेपणाची किंमत एका ठिकाणी लपून बसली आहे. दावा न केल्याबद्दलची सवलत, जिला सगळे नो क्लेम बोनस म्हणतात, ती स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर पहिल्या वर्षानंतर वीस टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी पन्नास टक्क्यांवर जाते. आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. आल्टोच्या आधीच्या मालकाने ती कमावलेली होती, तो ती आपल्या नव्या गाडीला घेऊन गेला. मला शून्यापासून सुरुवात. प्रतिनिधीचे ‘इमा गाडीचा असतो’ हे वाक्य इथे अर्धे खोटे ठरते, असे मी त्याला दाखवले. तो म्हणाला, ‘‘सर, तुम्ही लई वाचता.’’

२०२२ साली विमा नियामकाने गाडी कशी आणि किती चालवता त्यावर हप्ता ठरवणारी पूरक कवचे द्यायला परवानगी दिली. म्हणजे इंग्लंडची रीत मागच्या दाराने येते आहे. माझे मत विचाराल तर स्वतःच्या पत्र्याच्या बाबतीत ती जरूर यावी. तिसऱ्याच्या विम्यात मात्र येऊ नये. नवशिक्याला आठ-दहा पट हप्ता लावला, तर आमच्याकडचा नवशिका गाडी चालवायचे थांबणार नाही. तो विमा काढायचे थांबेल. निम्म्याहून अधिक वाहने आजच विम्याविना फिरतात, असे सरकारच्याच समित्यांनी नोंदवले आहे, त्यांत मोटारसायकली फार. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या वेळी दोन हजार आणि पुढच्या वेळी चार हजार दंड ठेवला, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाने नव्या मोटारीला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूममधून निघताना सगळे विमेदार असतात. सहाव्या वर्षी पाहावे.

नवशिक्याविषयी पॉलिसीत एकच कलम आहे, चालकाचे. चालवणाऱ्याकडे अपघाताच्या वेळी वैध परवाना हवा. शिकाऊ परवाना असलेलाही चालतो, पण १९८९ च्या केंद्रीय नियमांतला तिसरा नियम पाळून, म्हणजे शेजारी परवानाधारक शिकवणारा आणि गाडीवर ‘एल’ हवा. २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिकाऊ परवानाही परवानाच आहे असे ठरवले. त्याहून मोठे म्हणजे, परवाना नसला किंवा खोटा निघाला तरी कंपनीने तिसऱ्याला आधी पैसे द्यावेत आणि मग मालकाची हयगय सिद्ध करून त्याच्याकडून वसूल करावेत, ही वाट पक्की केली. बेलिफ मालकाच्या दारात जायचाच असेल तर तो कंपनीचा जावा, विधवेचा नव्हे.

पण तिसरा म्हणून कोण मोजला जातो, हेही पाहिले पाहिजे. आमच्याकडे लग्नाचे वऱ्हाड टेम्पोतून जाते, ऊसतोडीची माणसे ट्रॉलीत बसतात. मालवाहू गाडीत फुकट किंवा भाड्याने बसलेला माणूस सक्तीच्या विम्यात येत नाही, असे आशाराणी खटल्यात ठरले. १९९४ च्या दुरुस्तीने मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा माणूस तेवढा आत घेतला. म्हणजे केळीच्या घडांबरोबर बसलेला शेतकरी आत, त्याच्या मांडीवरची भाची बाहेर. आणखी एक : दाव्याला मुदतीची अट १९९४ साली काढून टाकली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा सहा महिन्यांवर आणली. ज्याच्या घरात माणूस गेले आहे त्याला सहा महिने म्हणजे काय, हे आमच्या ओसरीतल्या चाकाला विचारावे.

*

पॉलिसीचा कागद आला त्या दिवशी मी मामीकडे गेलो. तिचे दोन्ही डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, तरी वाचून दाखवावे लागते. मी हप्त्याचे आकडे सांगितले. तिने त्यात काही रस घेतला नाही.

‘‘तू कुणाला ठोकलास तर त्याच्या घरच्यांना मिळतं का यातून?’’

‘‘मिळतं.’’

‘‘गाडी तुझ्या पोरानं नेली, अन् त्याच्याकडं लायसन नसलं तर?’’

मी म्हणालो, तरी मिळतं. कंपनी आधी देते, मग माझ्याकडून घेते.

‘‘कधीपासून हाय हे?’’

मी तिला दोन हजार चारची गोष्ट सांगितली, मग सत्त्याऐंशीची. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली, उलटा धरला होता तो. मग म्हणाली, ‘‘आपला निकाल शहाऐंशीचा.’’

मी हो म्हणालो. तिने कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि बाजेवरून उतरून चहा ठेवायला आत गेली. परत निघताना अंधार पडला होता. आसनेच्या पुलावर मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये घेतली. मागून ट्रकवाले हॉर्न देत होते.